बुडीत आमच्या नावावर, हिशेब तुमच्या कुलुपात

प्रति,
पीअर-टू-पीअर, म्हणजे लोकांनी लोकांना थेट दिलेल्या, कर्जाचे प्लॅटफॉर्म चालवणारे संचालक, व्यवस्थापक आणि त्यांचे जाहिरात विभाग यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र मी तुमच्या ग्राहक सेवेकडे पाठवलेले नाही. तिथले उत्तर मला तोंडपाठ झाले आहे: 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग केली असून वसुलीची प्रक्रिया सुरू आहे.' एक हप्ता थकलेला असो वा सगळे, उत्तर हेच. तेव्हा म्हटले, चारचौघांसमोरच लिहावे.

मी एकाहून अधिक प्लॅटफॉर्मवरून अनोळखी माणसांना कर्ज दिले. त्यातल्या पुष्कळांनी ते व्याजासकट, अगदी तारखेला फेडले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे; मी त्यांना गाठून जाब विचारणार नव्हतो, हे त्यांनाही ठाऊक होते. काहींचे गाडे निम्म्यावर अडले. काहींचा पहिला हप्तासुद्धा आला नाही. गोळाबेरीज केली तर मी नागवला गेलेलो नाही, आणि तुमच्या जाहिरातीतला आकडाही माझ्या पदरात पडलेला नाही. त्यामुळे हे पत्र रडगाणे म्हणून बाजूला सारता येणार नाही. कर्ज दिले की त्यातले थोडे बुडणार, हे धरूनच मी पैसे टाकले होते. किती बुडाले, कधी बुडाले आणि कोणत्या तऱ्हेच्या कर्जात बुडाले, हे बुडालेल्या पैशाच्या मालकालाच कळत नाही, ही माझी तक्रार आहे.

करार तुम्ही वकिलांकडून नीट लिहून घेतला आहे. आम्ही फक्त मध्यस्थ. देणारा तू, घेणारा तो, बुडाले तर तुझे. यात मला खोट दिसत नाही. भारतात रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या व्यवसायाचे नियम केले, तेव्हा हेच तत्त्व धरले: प्लॅटफॉर्मने स्वतः कर्ज द्यायचे नाही, हमी द्यायची नाही, आणि पैसे एस्क्रो, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या, खात्यांतूनच फिरवायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच नियमांना धार लावताना, मुद्दलाचा वा व्याजाचा तोटा संपूर्णपणे कर्जदात्याचा, हेही स्पष्ट करून टाकले. ठीक आहे. तोटा शंभर टक्के माझा असेल, तर त्या कर्जाची माहितीही शंभर टक्के माझ्यापर्यंत पोहोचली पाहिजे. माझे मागणे एवढेच आहे.

डॅशबोर्डपासून, म्हणजे खात्याच्या गोषवाऱ्याच्या पानापासून, सुरुवात करतो. लॉगिन केल्यावर सर्वांत ठळक अक्षरांत दिसतो तो 'सरासरी परतावा'. तो कसा काढतात हे शोधायला मला मदत-विभागातली बारीक अक्षरे पालथी घालावी लागली. निघाले ते असे: जी कर्जे चालू आहेत, त्यांच्या व्याजदरांची सरासरी. हप्ता चुकलेले कर्ज नव्वद दिवस पूर्ण होईपर्यंत 'विलंबित' असा शिक्का घेऊन धडधाकट कर्जांच्या रांगेत उभे असते. नव्वद दिवसांनंतर ते वेगळ्या टॅबमध्ये जाते, आणि जाताना सरासरीतूनही बाहेर पडते. नापास झालेल्या मुलाचे नाव हजेरीपटावरून काढायचे आणि मग वर्गाचा निकाल शंभर टक्के लावायचा, तशातला हा प्रकार. कर्जदार मिळेपर्यंत एस्क्रोमध्ये बिनव्याजी पडून राहिलेले पैसे तर त्या आकड्याच्या खिजगणतीतही नाहीत. माझ्या बँक खात्यातून गेलेली आणि परत आलेली प्रत्येक रक्कम तारखेनिशी स्प्रेडशीटमध्ये मांडून मी एक्सआयआरआर, म्हणजे त्या तारखा धरून पडणारा वार्षिक परतावा, काढला. तुमचा आकडा आणि माझा आकडा यांची कुठेच गाठ पडेना. विचारले तर म्हणाले, 'सर, दोन्ही बरोबर आहेत, पद्धत वेगळी आहे.'

पद्धतीबद्दल बोलायचे तर थोडे गणित करू. एका वर्षाचे कर्ज, व्याज द.सा.द.शे. १८, फेड समान मासिक हप्त्यांनी. नव्या माणसाला वाटते, हजाराचे वर्षाअखेर अकराशे ऐंशी होणार. पण मुद्दल दर महिन्याला घटत जाते आणि व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागते. हजारामागे हप्ता पडतो सुमारे ९१.६८, बारा हप्ते मिळून अकराशे. म्हणजे हातात व्याज आले शंभर. आता एखाद्याने पहिल्यापासून काहीच दिले नाही तर गेले हजार, आणि ते भरून काढायला दहा प्रामाणिक कर्जदारांचे वर्षभराचे व्याज लागते. शंभरात असे नऊ निघाले की उरलेल्या एक्क्याण्णवांनी दिलेले व्याज जवळजवळ सगळे त्यांच्या पायी खर्ची पडते, आणि तुमची फी अजून वळती व्हायचीच असते. परत आलेले हप्ते लगेच पुन्हा कर्जाऊ दिले तर व्याज थोडे वाढते हे खरे. पण त्या नव्या कर्जांतही बुडवणारे असतातच. कर्ज देणाऱ्या कोणत्याही संस्थेतला शिकाऊ माणूससुद्धा हे आकडे कागदावर मांडू शकतो. तुमच्या पहिल्या पानावर मात्र फक्त अठरा दिसतात.

याहून जास्त फसवे आहे ते कर्जाचे वय. कोवळे कर्ज बुडीत दिसूच शकत नाही. आज दिलेले कर्ज थकीत ठरायला निदान तीन महिने हप्ते चुकावे लागतात, म्हणून पहिल्या तिमाहीत प्रत्येक कर्जदात्याचे खाते गुलाबी असते. माझेही होते. ते पाहून माणूस आणखी पैसे घालतो, ओळखीच्यांना सांगतो, आणि त्याबद्दल तुम्ही त्याला बक्षीसही देता. नवे पैसे आले की आणखी कोवळी कर्जे वाटली जातात, एकूण कर्जाचा छेद फुगतो, आणि जुन्या कर्जांतली थकबाकी टक्केवारीत चिमुकली दिसते. वाढ मंदावली की तोच अपूर्णांक उलटा फिरतो आणि सगळे म्हणतात, अचानक काय झाले? अचानक काही होत नाही. खराब कर्जे आधीपासून होतीच, नव्या कर्जांच्या गर्दीत ती दिसत नव्हती इतकेच.

यावर जुना आणि साधा उपाय आहे. ज्या महिन्यात कर्जे वाटली त्या महिन्याची स्वतंत्र ओळ मांडायची. किती दिले, सहा महिन्यांनी किती परत आले, वर्षाने किती, आणि किती कायमचे गेले. तुमच्या जोखीम विभागात असा तक्ता रोज उघडला जातो. त्याला तिथे 'व्हिंटेज' म्हणतात. भारतातल्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मला एकूण कर्जांची कामगिरी, थकीत कर्जांची वयानुसार विभागणी करून, दर महिन्याला वेबसाइटवर द्यावी लागते. २०२४ च्या बदलांनंतर कर्जदात्यांनी सोसलेला तोटाही त्यात दाखवावा लागतो. मी पाहिलेल्या अशा पानावर जायला मुखपृष्ठाच्या तळाशी राखाडी अक्षरांतली एक लिंक होती, आणि आत सगळ्या वर्षांची कर्जे एकाच गाठोड्यात बांधून ठेवली होती. नियम पाळला गेला. मला कळले मात्र काहीच नाही.

'प्रत्येक कर्जाची माहिती देणे व्यवहार्य नाही,' असे मला फोनवर सांगण्यात आले. सांगणारा मुलगा नम्र होता, त्याचा दोष नाही. पण हे खरे नव्हे. हा धंदा २००५ मध्ये ब्रिटनमध्ये झोपा या कंपनीने सुरू केला. पुढच्या वर्षी अमेरिकेत प्रॉस्पर आली आणि २००७ मध्ये लेंडिंग क्लब. या लेंडिंग क्लबने वर्षानुवर्षे एकेका कर्जाची ओळ असलेली फाइल कोणालाही उतरवून घेता येईल अशी खुली ठेवली होती. रक्कम, दर, मुदत, श्रेणी, कर्ज कशासाठी घेतले आणि आत्ता त्याची स्थिती काय, हे सगळे त्यात असे. कर्जदाराचे नाव तेवढे नसे. डेटा सायन्स शिकणारी मुले आज कोणते कर्ज थकेल याचे भाकीत करण्याचा सराव करतात, तो कित्येकदा याच फाइलीवर. ब्रिटनमध्ये झोपा आणि फंडिंग सर्कल यांनीही आपली कर्जवही ओळीओळीने बाहेर ठेवली होती. तेव्हाची यंत्रे आजच्यापेक्षा काही वेगवान नव्हती.

प्रॉस्परचे सुरुवातीचे दिवस तर मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. तिथे कर्जाचा लिलाव होत असे. कर्जदार आपली कहाणी लिहायचा, फोटो लावायचा, आणि कर्जदाते एकमेकांवर कुरघोडी करत दर खाली आणायचे. २००८ पर्यंतच्या त्या कर्जांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बुडाली. पण बुडाली हे सगळ्या जगाला दिसले. अभ्यासकांनी त्या आकड्यांवर निबंध लिहिले, कर्जदाते गोड कहाण्यांपेक्षा पतगुणांक पाहू लागले, आणि २०१० च्या अखेरीस कंपनीने लिलाव बंद करून दर स्वतः ठरवायला घेतले. इतके वाईट आकडे उघड करूनही ती कंपनी टिकली.

झाकपाकीचे टोक पाहायचे तर चीनकडे पाहा. ईझूबाओ हा प्लॅटफॉर्म २०१६ च्या सुरुवातीला उघडा पडला तेव्हा सुमारे नऊ लाख लोकांचे ५० अब्ज युआनच्या घरातले पैसे त्यात गेले होते, आणि दाखवलेले बहुतेक कर्जप्रकल्प बनावट निघाले. एके काळी हजारो प्लॅटफॉर्म असलेल्या त्या देशात नोव्हेंबर २०२० पर्यंत एकही चालू उरला नाही. तुम्ही ईझूबाओ नाही, हे मी मान्य करतो. पण तुमच्या डॅशबोर्डवरून मला ते ठरवता येत नाही.

लेंडिंग क्लबचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण उघडेपणाबद्दल मी आत्ताच तिचे कौतुक केले. मे २०१६ मध्ये तिचे संस्थापक रेनो लाप्लांश यांना पायउतार व्हावे लागले. सुमारे २.२ कोटी डॉलरची कर्जे एका बड्या गुंतवणूकदाराला त्याच्या अटींत बसत नसताना विकली गेली होती, आणि त्यातल्या काहींच्या अर्जांच्या तारखा बदललेल्या होत्या. कंपनीने ती कर्जे पूर्ण किमतीला परत घेतली. यातून मी एवढेच घेतो: त्या गुंतवणूकदाराला अटी लिहून घेता आल्या होत्या, म्हणून त्या मोडल्या हे सिद्ध झाले. माझ्यासारख्या किरकोळ कर्जदात्याच्या करारात प्लॅटफॉर्मने पाळायची अशी एकही अट मला सापडली नाही, मग मोडणार काय?

आता 'केव्हाही पैसे काढा' या योजनेकडे वळतो. कर्जदाराने दोन वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेतले आहे आणि त्याचे पैसे मला उद्या सकाळी परत मिळणार, हे कसे? ते पैसे कर्जदाराकडून येत नाहीत; माझ्या जागी येणाऱ्या दुसऱ्या कर्जदात्याकडून येतात. नवे लोक येताहेत तोवर सगळे सुरळीत, थांबले की दार बंद. मी वापरलेल्या एका प्लॅटफॉर्मवर ते बटण एका सकाळी राखाडी झाले आणि त्यावर बोट ठेवले की 'लवकरच' असे दिसू लागले. त्या 'लवकरच'ला तारीख नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा सोयींवर आणि मुदतीशी जोडलेल्या ठरावीक परताव्याच्या जाहिरातींवर बंदी घातली, तेव्हा या व्यवसायातून फार ओरड झाली. माझ्या मते ते योग्य झाले, फक्त उशिरा झाले. मूळ २०१७ च्या नियमांतच कर्जदात्याच्या मंजुरीशिवाय कर्ज वाटू नये असे म्हटलेले होते. स्वयं-गुंतवणुकीच्या, म्हणजे कर्जदार प्लॅटफॉर्मनेच निवडण्याच्या सोयीच्या, एका टिचकीत शेकडो तुकडे अनोळखी नावांवर पाडून त्याला मंजुरी म्हणायचे, हे त्यात बसत होते का, याचे उत्तर तुम्हीच द्या.

बंद व्हायचेच असेल तर कसे बंद व्हावे, याचीही उदाहरणे आहेत. फंडिंग सर्कलने एप्रिल २०२० मध्ये कर्जे दुसऱ्याला विकण्याची सोय थांबवली आणि मार्च २०२२ मध्ये सामान्य कर्जदात्यांसाठी दार कायमचे लावले. पुढे लोकांना हप्ते येतील तसे पैसे घ्यावे लागले. ब्रिटनच्याच रेटसेटरने मे २०२० मध्ये बुडीत भरून काढायला ठेवलेला आपला राखीव निधी सावरण्यासाठी सगळ्यांचे व्याज निम्मे केले. ते लोकांना आवडले नाही, पण किती कापले आणि का कापले हे सांगून कापले. झोपाने डिसेंबर २०२१ मध्ये हा व्यवसाय गुंडाळताना उरलेली कर्जे पूर्ण किमतीला स्वतः विकत घेतली. आणि दुसऱ्या बाजूला ब्रिटनमधलीच लेंडी ही कंपनी: मे २०१९ मध्ये कोसळली तेव्हा १६ कोटी पौंडांहून अधिक कर्जे बाकी होती. तुमच्यापैकी कोणी उद्या दुकान बंद केले तर माझ्या कर्जांचे हप्ते कोण गोळा करणार, हे मी प्रत्येक प्लॅटफॉर्मला विचारून पाहिले आहे. आलेली उत्तरे वाचून तो प्रश्न त्यांनाही नवा असावा असे वाटले.

तुमच्या कमाईबद्दल मला असूया नाही, पण ती कुठून येते हे बोलायला हवे. कर्जदाराकडून प्रक्रिया शुल्क तुम्ही कर्ज वाटतानाच कापून घेता. माझ्याकडची फीही मुद्दलाच्या प्रमाणात. भारतात तर २०२४ पासून फी कर्ज फिटण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. प्लॅटफॉर्मने आडमार्गाने हमी देऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा आणि तो समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की कर्ज फिटो वा बुडो, तुमचे पोट भरलेले. ज्याला वाटण्याचेच पैसे मिळतात तो वाटत राहणार. त्याला आवर घालणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वाटलेल्याचे पुढे काय झाले हे सर्वांना दिसणे. आणि नेमके तेच दिसत नाही.

वसुलीबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतो. माझ्या पैशांसाठी तुमची माणसे कोणाला फोन करतात, कधी करतात, काय बोलतात, मला ठाऊक नाही. कर्जदाराच्या नातेवाइकांना, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना फोन करून त्याची लाज काढणारे वसुली एजंट या धंद्यात आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. माझे एक कर्ज कायमचे बुडाले तरी चालेल, माझ्या नावाने हे होता कामा नये. कायदेशीर नोटीस पाठवली असेल तर तिची तारीख कळवा. लवादाकडे गेला असाल तर तसे सांगा. कर्जदाराची नोकरी गेली असेल, तो आजारी असेल आणि त्याने मुदत मागितली असेल, तर तेही सांगा. मी देईन मुदत. मला आजवर एकदाही कोणी विचारलेले नाही. उलट एका कर्जात तुम्ही परस्पर तडजोड करून मुद्दलाचा मोठा भाग सोडून दिलात, आणि उरलेल्यातून वसुली खर्च कापून मला जे पाठवले त्याची नोंद 'कर्ज बंद' अशी होती. हिरव्या रंगात. हा अधिकार तुम्हाला करारातल्या एका कलमाने दिला आहे, हे मी वाचले आहे. ते कलम बदला, असे मी म्हणतो आहे.

तेव्हा तुमच्याकडून मला काय हवे ते सरळ लिहितो. माझ्या प्रत्येक कर्जाची, पहिल्या हप्त्यापासून शेवटच्या कारवाईपर्यंतची फाइल मला उतरवून घेता यावी. त्यात कर्जदाराचे नाव नसले तरी माझी हरकत नाही. संपूर्ण प्लॅटफॉर्मचा महिन्यागणिक तक्ता सर्वांसाठी खुला असावा, खाते नसलेल्यांसाठीसुद्धा, आणि त्यात जुनी वर्षे गाळलेली नसावीत. पहिल्या पानावरचा परतावा बुडीत, फी आणि पडून राहिलेले पैसे धरून काढलेला असावा. तो लहान दिसेल, दिसू द्या. मुद्दलावर पाणी सोडणारी कोणतीही तडजोड कर्जदात्याला कळवल्याशिवाय होऊ नये. तुम्ही नसाल तेव्हा हप्ते कोण गोळा करणार, त्या संस्थेचे नाव करारात असावे. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी या वित्त-नियामक संस्थेने डिसेंबर २०१९ पासून लागू केलेल्या नियमांत गुंडाळणीची तयारी आणि तिची माहिती हा विषय होता, आणि नव्या किरकोळ कर्जदात्यांना आपल्या गुंतवणूकयोग्य पैशाच्या दहा टक्क्यांची मर्यादाही होती. ती मर्यादा तुम्ही आपणहून घालाल अशी माझी अपेक्षा नाही.

यातली एकही गोष्ट करायला तुम्हाला नवी माहिती गोळा करावी लागणार नाही. सगळी तुमच्या सर्व्हरवर आहे, आणि तिच्यातला माझा भाग माझ्या पैशांतून तयार झाला आहे.

माझी उरलेली कर्जे अजून चालू आहेत. स्वयं-गुंतवणूक मी बंद केली आहे. जो हप्ता येईल तो त्याच आठवड्यात बँकेत काढून घेतो. वर मागितलेली फाइल ज्या प्लॅटफॉर्मवर पहिल्यांदा उतरवून घेता येईल, तिथे हे पैसे पुन्हा घालण्याचा विचार करीन. 'तुमचा रिलेशनशिप मॅनेजर बदलला आहे' असे सांगणारे फोन तोवर केले नाहीत तरी चालेल.

कळावे,
तुमच्या यादीतला एक कर्जदाता